नवी डिझायर घ्यावी की स्विफ्ट? खान्देशातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

अमळनेरला आमच्या दारात मारुतीची नवी डिझायर आली आणि चार महिन्यांनी धुळ्याच्या धाकट्या भावाने नवी स्विफ्ट घेतली. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत, मार्केट यार्डात, अगदी दवाखान्याच्या बाकावरही लोक एकच विषय काढतात: दोघींपैकी कोणती? दोन्ही गाड्या मी भरपूर चालवल्या आहेत, भावाने माझी चालवली आहे. तोंडी उत्तरं देताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळे प्रश्न इथे सविस्तर घेतले आहेत.

दोन्ही गाड्या आतून एकच आहेत का?

बऱ्याच अंशी हो. ही गोष्ट आधी समजून घेतली की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

स्विफ्ट भारतात २००५ साली आली. तिलाच मागे डिकी जोडून २००८ मध्ये 'स्विफ्ट डिझायर' आली. चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी बसतो, म्हणून २०१२ मध्ये डिझायरची शेपटी आखूड झाली. २०१७ मध्ये नावातलं 'स्विफ्ट' गळालं. आताच्या पिढीची स्विफ्ट मे २०२४ मध्ये आणि डिझायर नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आली. यावेळी पहिल्यांदाच डिझायरचं तोंड पूर्ण वेगळं आहे. समोरून पाहिलं तर या दोघी बहिणी आहेत हे सांगावं लागतं.

पत्र्याखाली मात्र इंजिन तेच: झेड-सिरीजचं ११९७ सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल, साधारण ८२ पीएस (अश्वशक्ती) ताकद आणि ११२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) दोघींचा २४५० मिलिमीटर, रुंदी १७३५, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) १६३ आणि टाकी ३७ लिटरची. लांबी तेवढी वेगळी, डिझायर ३९९५ आणि स्विफ्ट ३८६० मिलिमीटर. म्हणजे 'जास्त ताकदीची कोणती' हा प्रश्नच उरत नाही. मागे कोण बसणार, डिकीत काय जाणार आणि गाडी चालवणाऱ्याला वळणावर काय हवं, एवढंच ठरवायचं आहे.

इंजिन तेच, तर स्विफ्टला स्पोर्टी का म्हणतात?

वळणामुळे. स्विफ्टचं शेपूट आखूड आणि मागचं वजन कमी. तिचं सस्पेन्शनही थोडं कडक बसवलेलं आहे. कन्नडच्या घाटात एकामागून एक वळणं येतात तेव्हा ती स्टेअरिंगबरोबर लगेच फिरते, अंग सोडत नाही. डिझायर त्याच वळणावर किंचित झुकते, मग सावरते. एकटे चालवत असाल तर हा फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो. माझा भाऊ याच कारणासाठी स्विफ्टवर अडून बसला होता आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

सरळ रस्त्यावर, म्हणजे धुळ्याहून शिरपूरकडे मुंबई-आग्रा महामार्गाने जाताना, दोघींच्या पिकअपमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. आणि शेतरस्त्यावर पारडं उलटं होतं. स्विफ्ट प्रत्येक खड्डा कंबरेपर्यंत पोचवते, डिझायर निम्मा स्वतःच गिळते. आमच्याकडे आई मागे बसते, त्यामुळे मला खड्ड्याचा हिशेब वळणापेक्षा मोठा वाटला.

इंटरनेटवर दिसणारी १४० पीएसची स्विफ्ट स्पोर्ट इथे मिळेल का?

नाही. १.४ लिटर टर्बो इंजिनाची स्विफ्ट स्पोर्ट जपान आणि इतर काही देशांत विकली गेली, भारतात कधीच नाही. शोरूममध्ये 'स्पोर्टी लूक'चं किट दाखवतात. ते स्टिकर आणि प्लॅस्टिक आहे, इंजिनाशी त्याचा काही संबंध नाही.

माझ्याकडे जुनी डिझेल डिझायर आहे. नवी तशी ओढेल का?

सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न येतो. खान्देशात १.३ लिटर डिझेल डिझायर घरोघरी होती. आमच्याकडेही २०११ ची होती.

त्या डिझेल इंजिनाची ताकद कागदावर ७५ पीएसच होती, म्हणजे आजच्या पेट्रोलपेक्षा कमी. पण टॉर्क १९० न्यूटन-मीटर, आणि तोही २००० आरपीएमलाच, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला २००० फेऱ्यांतच. आजचं पेट्रोल इंजिन ११२ देतं आणि तेवढे मिळायला सुईला ४३०० पर्यंत चढावं लागतं. म्हणून पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन चढ चढताना जुनी गाडी तिसऱ्यात गुरगुरत निघून जायची. नवी तिसऱ्यात धापा टाकू लागते आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवतो. डिझेल चालवून आलेला माणूस पहिल्याच घाटात म्हणतो, 'गाडीत दम नाही.'

दम आहे, पण तो वरच्या आरपीएमला आहे. आपली सवय बदलावी लागते. चढ समोर दिसला की वेग पडायच्या आधी दुसरा गिअर टाका. सुई साडेतीन-चार हजारांवर जाऊ द्या, इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका. पेट्रोल इंजिन तिथेच काम करतं. डिझेलच्या सवयीने गिअर वर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलात तर गाडी चढतही नाही आणि पेट्रोल मात्र पितेच. मला स्वतःला ही सवय लागायला लळिंगचा चढ आणि तोरणमाळची वळणं दोन-तीनदा करावी लागली. ओव्हरटेक करतानाही तेच: चौथ्यातून तिसऱ्यात आणा, मगच बाहेर काढा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागून निघताना याचं महत्त्व जिवाइतकं आहे.

डिझेल परत येण्याची वाट पाहू नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाडीच्या धुराचे कडक नियम) लागू झालं तेव्हा मारुतीने डिझेल बंद केलं. आता या दोन्ही गाड्यांत पेट्रोल आणि सीएनजी एवढेच पर्याय आहेत.

आधीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनापेक्षा हे तीन सिलिंडरचं इंजिन कमी दर्जाचं आहे का?

दर्जाने नाही. स्वभाव मात्र वेगळा. आधीचं इंजिन ९० पीएसचं होतं, म्हणजे आता आठेक पीएस कमी झाले. तीन सिलिंडरच्या इंजिनाची गाडी सिग्नलवर उभी असताना किंचित थरथर जाणवते, ती त्याची रचनाच आहे, बिघाड नाही. गावातल्या वेगात हे इंजिन उलट बरं वाटतं आणि पेट्रोल कमी खातं. वरच्या आरपीएमला जुन्या इंजिनाची सफाई जास्त होती, हे ती गाडी चालवलेल्याला कळतं. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याला याचं काही वाटणार नाही.

'मांगे बसाले जागा शे का?'

आमच्या जिभाऊंनी गाडीभोवती एक फेरी मारून हाच एक प्रश्न विचारला होता. खान्देशात गाडी घेताना तो सगळ्यात आधी विचारायला हवा.

व्हीलबेस सारखा असल्यामुळे जागा आभाळाएवढी वेगळी नाही. तरी डिझायरचं मागचं सीट जास्त मागे रेललेलं आहे. गुडघ्यापुढे चार बोटं जास्त मिळतात, मध्ये हात टेकायला आर्मरेस्ट आहे आणि मांडीला आधार बरा. दोन मोठी माणसं आणि एक लहान मूल जळगाव ते पुणे आरामात जातं. तीन जाड माणसं बसली तर दोन्ही गाड्यांत खांदे घासणारच, कारण रुंदी एकच आहे.

एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही: डिझायरचं छत मागे उतरतं आहे. सहा फुटी माणसाचं डोकं मागे टेकायच्या बेतात येतं आणि फेटा किंवा उंच अंबाडा असेल तर नक्की लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना मागे बसताना मान वाकवून आत शिरावं लागतं. दोन्ही गाड्या बसक्या आहेत, मिनी-एसयूव्हीसारखं उभ्याने बसता येत नाही. घरात गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं माणूस असेल तर त्या माणसालाच शोरूमला न्या आणि तीनदा बसवून उठवा. आम्ही आईला नेलं होतं. स्विफ्टमध्ये ती बसली, पण उतरताना दाराची चौकट धरून थांबली. डिझायरमध्ये सीट मागे असल्याने पाय बाहेर काढायला जागा मिळाली.

जुन्या स्विफ्टच्या मागच्या दाराचं हँडल वर काचेजवळ लपलेलं असायचं, म्हाताऱ्या माणसांना सापडायचंच नाही. नव्या स्विफ्टमध्ये ते दारावर नेहमीच्या जागी आलं आहे. बदल छोटा आहे, पण मला फार आवडला.

डिकीत किती मावतं?

डिझायर ३८२ लिटर, स्विफ्ट २६५ लिटर. ११७ लिटरचा हा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात मोठा आहे. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी निघालेल्या घराचं सामान डोळ्यांसमोर आणा: दोन मोठ्या बॅगा, पापड-कुरडयांचा डबा, आंब्याची पेटी, वर भरताच्या वांग्यांची पिशवी. डिझायरमध्ये हे सगळं जातं आणि झाकण लागतं. स्विफ्टमध्ये आंब्याची पेटी कोणाच्या तरी पायाशी येते. शिवाय डिझायरसारख्या सेडानची डिकी बंद असते, त्यामुळे लसूण-मिरचीचा वास गाडीत पसरत नाही.

पण एका बाबतीत स्विफ्टने मला हरवलं. वरच्या व्हेरियंटमध्ये तिचं मागचं सीट साठ-चाळीस असं दुमडतं. डिझायरचं दुमडत नाही. भावाची शेती शिरपूरकडे आहे. ठिबकच्या लॅटरलचं वेटोळं, पीव्हीसीचे तुकडे, फवारणीचा पंप, सगळं तो मागचं सीट पाडून मोठ्या दारातून आत ढकलतो. माझ्या डिझायरच्या डिकीत ते वेटोळं तोंडातच अडकलं. शेतीचं सामान वरचेवर न्यायचं असेल आणि घरात चारच माणसं असतील, तर आकड्याने लहान असलेली डिकी जास्त कामाची ठरते.

सीएनजी घ्यावी का?

रोज अप-डाऊन असेल तर विचार करा, नाहीतर नको.

बाजारात आली तेव्हा डिझायर व्हीएक्सआय (बेसच्या वरचं व्हेरियंट) पेट्रोल ७ लाख ७९ हजारांना आणि तीच सीएनजीमध्ये ८ लाख ७४ हजारांना होती, म्हणजे ९५ हजारांचा फरक. पेट्रोल १०५ रुपये आणि सीएनजी ९० रुपये धरा. पेट्रोलवर लिटरला १८ आणि सीएनजीवर किलोला २६ किलोमीटर असं रोजच्या वापराचं अ‍ॅव्हरेज धरा. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सुमारे ५ रुपये ८० पैसे पडतो, सीएनजीचा साडेतीनच्या आत. किलोमीटरमागे सव्वादोन-अडीच रुपये वाचतात. जास्तीचे ९५ हजार वसूल व्हायला साधारण ४० हजार किलोमीटर लागतात. भुसावळ-जळगाव रोज करणाऱ्या नोकरदाराचे ते दोन-अडीच वर्षांत होतात, फक्त सणावाराला गाडी काढणाऱ्याचे सात वर्षांतही होत नाहीत. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशेब स्वतः करा.

सिलिंडर डिकीत बसतो. डिझायर घेण्याचं मोठं कारणच डिकी असेल तर सीएनजीने ते कारण बरंचसं संपतं. ताकदही जवळपास ७० पीएसवर उतरते. घाट आला की मी तरी पेट्रोलचं बटण दाबेन. सीएनजीमध्ये ऑटोमॅटिक मिळत नाही. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) करून घ्यावी लागते, ती चुकवू नका. आणि घराजवळच्या पंपावर संध्याकाळी एकदा जाऊन रांग बघून या.

ऑटोमॅटिक घाटात चालतं का?

चालतं, पण हे खरं ऑटोमॅटिक नव्हे. मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, क्लच आणि गिअरचं काम मशीन करतं. गिअर बदलताना क्षणभर दम घेतं आणि मान पुढे जाते. जळगावच्या गर्दीत डाव्या पायाला आराम मिळतो, हा मोठा फायदा आहे. घाटात लिव्हर मॅन्युअलवर टाका आणि दुसऱ्यातच ठेवा, नाहीतर ते चढावर वर-खाली गिअर बदलत बसतं.

चढावर वाहतूक अडली तर अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरू नका. क्लच जळतो. ब्रेकवर उभे राहा. दोन्ही गाड्यांच्या सगळ्या व्हेरियंटमध्ये हिल-होल्ड आहे, ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी दोन क्षण मागे सरकत नाही.

अ‍ॅव्हरेज खरंच पंचवीसचं मिळतं का?

कंपनीचे आकडे: डिझायर मॅन्युअल २४.७९, ऑटोमॅटिक २५.७१, सीएनजी किलोला ३३.७३. स्विफ्ट अनुक्रमे २४.८०, २५.७५ आणि ३२.८५. हे चाचणीतले आकडे आहेत. पाच माणसं, एसी आणि मे महिना त्यात नसतो.

माझी डिझायर महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगात २१-२२ देते, गावात १६-१७. भावाच्या स्विफ्टचंही तेच. दोन गाड्यांत निवड करताना अ‍ॅव्हरेज बाजूला ठेवलं तरी चालेल. मोजायचं असेल तर मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. टाकी फुल करा, ट्रिप शून्य करा, पुन्हा त्याच पंपावर फुल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. दोन्ही गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तयार आहेत.

आपल्या उन्हाळ्यात एसी पुरतो का? सनरूफ घ्यावं का?

जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीपुढे जातो, तेव्हा उन्हात उभी केलेली कोणतीही गाडी भट्टी होते. एसी पुरतो, पण पहिली दहा मिनिटं कोणतीच गाडी थंड होत नाही. आधी चारही काचा खाली करून दोन मिनिटं गाडी चालवा, कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावून रिसर्क्युलेशन चालू करा. मागच्या सीटला एसीची झोत हवीच. लहान मुलं आणि म्हातारी माणसं मागेच बसतात.

सनरूफ फक्त डिझायरच्या सर्वांत वरच्या झेडएक्सआय प्लसमध्ये आहे, स्विफ्टमध्ये कोणत्याच व्हेरियंटला नाही. मुलं त्यासाठी हट्ट धरतात. मी नाही घेतलं. आपल्याकडे मार्च ते जून ते झाकूनच ठेवावं लागतं, आणि चालत्या गाडीत मुलांना त्यातून बाहेर उभं करणं हा जिवाशी खेळ आहे.

काळ्या काचांबद्दल: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा, असा नियम आहे. डीलरकडचा माणूस 'सगळे लावतात' म्हणतो. तरी दंड आपणच भरतो.

धुळीची एक गोष्ट. स्विफ्टसारख्या हॅचबॅकची मागची काच धुळीने लवकर माखते, कारण गाडीमागची हवा धूळ वर ओढते. स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटला मागे वायपर आहे आणि इथे तो रोज लागतो. सेडानची काच तिरकी असल्याने तेवढी माखत नाही.

सुरक्षेत कोणती पुढे?

डिझायर नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेत पाच तारे मिळवून आली, ३४ पैकी ३१.२४ गुण. मुलांच्या सुरक्षेत चार तारे मिळाले. पाच तारे मिळालेली ती मारुतीची पहिलीच गाडी. नंतर भारत एनकॅपमध्येही तिला पाच तारे मिळाले. मला याचं खरंच अप्रूप वाटतं, कारण आमच्या जुन्या गाडीत एअरबॅगही नव्हत्या आणि आम्ही सगळे त्यातून नाशिक-पुणे करत होतो.

हे तारे स्विफ्टला आपोआप लागू होत नाहीत. चाचणी त्या त्या गाडीची असते. सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) मात्र दोन्ही गाड्यांच्या सगळ्या व्हेरियंटमध्ये आहेत, अगदी बेसलाही.

आणि आता मला जे पोटतिडकीने सांगायचं आहे ते. मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावला नाही, तर ते तारे मागच्या माणसांच्या काही कामाचे नाहीत. दोन्ही गाड्यांत मागच्या तिन्ही जागांना खांद्यावरून जाणारा पट्टा आहे आणि तो लावणं कायद्यानेही बंधनकारक आहे. खान्देशात मागचे पट्टे अजूनही सीटखाली खोचलेले दिसतात. सीट कव्हर बसवणाराच ते आत ढकलतो. कव्हर बसवताना समोर उभे राहा आणि पट्ट्यांची कुलपं बाहेर काढून घ्या. लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसू नका. आयसोफिक्सची, म्हणजे मुलाची सीट पक्की अडकवायची सोय दोन्ही गाड्यांत आहे, मुलाची सीट मागे बसवा. आत्या, मावशी 'इतकुसा तर प्रवास' म्हणतात. पारोळा ते एरंडोल म्हणजे महामार्गच आहे, आणि त्यावर ट्रक धावतात.

गाडी खाली लागते का?

दोघींना सारखीच. १६३ मिलिमीटर पुरेसं आहे, पण गावोगावच्या घरगुती गतिरोधकांवर भरलेली गाडी तिरकी घालूनच न्या. डिझायरमध्ये मागे तिघं आणि डिकी भरलेली असेल तर मागची बाजू बसते, तेव्हा जास्त जपा.

किमतीत किती फरक पडतो? पासिंग, विमा?

बाजारात आल्या तेव्हा स्विफ्ट व्हीएक्सआयपेक्षा डिझायर व्हीएक्सआय सुमारे ५० हजारांनी महाग होती, झेडएक्सआयला ६० आणि झेडएक्सआय प्लसला ७० हजारांचा फरक होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सेससकट २९ वरून १८ टक्क्यांवर आला आणि दोन्ही स्वस्त झाल्या. अट अशी की पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरपर्यंत. डिझायर ११९७ सीसी आणि ३९९५ मिलिमीटर, म्हणजे तीन सीसी आणि पाच मिलिमीटर राखून आत बसली आहे.

पासिंगला पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के कर, स्वतःच्या नावावर घेतली तर. फर्मच्या नावावर घेतली तर कर बराच जास्त, म्हणून दुकानाच्या नावावर घेण्याआधी सीएला विचारा. इंजिन सारखं असल्याने थर्ड पार्टी विमा दोघींचा सारखाच.

विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. आम्ही बाहेरून भाव आणला आणि दाखवला, तेव्हा समोरच्याने त्याचा आकडा लगेच खाली आणला.

कोणतं व्हेरियंट घ्यावं?

झेडएक्सआय. कारण दिव्यांचं. व्हीएक्सआयपर्यंत हॅलोजन आहे, झेडएक्सआयपासून एलईडी. चोपडा, यावल, रावेरच्या दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर रात्री केळीचे ट्रक समोरून येतात, तेव्हा कडेचा सायकलवाला दिसणं महत्त्वाचं. चाकंही १४ ऐवजी १५ इंची मिळतात. डिझायरच्या झेडएक्सआय प्लसचे जास्तीचे पैसे मला सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनपायी गेल्यासारखे वाटले. ३६० अंशांचा कॅमेरा तेवढा कामाचा आहे, ज्यांच्या घराची गल्ली अरुंद आहे त्यांना. बजेट कमी असेल तर व्हीएक्सआय घ्या, वाईट नाही.

डिझायर घेतली तर लोक टॅक्सी म्हणतील का?

म्हणू द्या. टॅक्सीसाठी टूर एस नावाचं वेगळं मॉडेल विकतात. लाख-लाख किलोमीटर धावून पोट भरणारे जी गाडी निवडतात, तिच्या सर्व्हिसिंगची आणि पार्टची काळजी मला उरत नाही.

मुहूर्तावर डिलिव्हरी घेताना काय बघावं?

अखाजी, दसरा, धनत्रयोदशीला शोरूममध्ये जत्रा असते आणि गाडी घाईत हातात पडते. आम्हाला एका डीलरने न मागितलेल्या अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज बिलात घातलं होतं, हार घालायच्या वेळी कळलं. म्हणून मुहूर्ताच्या दोन दिवस आधी यार्डात जा. दिवसाच्या उजेडात रंग, काचा, टायर, स्टेपनी पाहा, चॅसिस नंबर आणि बनावटीचा महिना कागदाशी ताडून घ्या, बिलाची प्रत्येक ओळ वाचा. पूजा मुहूर्तालाच करा.

स्टँडर्ड वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर आहे.

जुनी डिझेल गाडी काढून टाकावी का?

दहा वर्षं झाली की डिझेल बंद, अशी समजूत आपल्याकडे पसरली आहे. ते निर्बंध दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी आहेत. आपल्याकडे खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं, नंतर फिटनेस करून, फी आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी वाढवता येतं. इंजिन धडधाकट असेल आणि घाट-शेती असाच वापर असेल तर ठेवा. आम्ही विकली ती एअरबॅग नसल्यामुळे, इंजिनावर राग नव्हता.

घरात एकमत होत नाही. काय करावं?

टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका, ही सगळ्यांची चूक असते. शोरूमभोवतीचा दोन किलोमीटरचा चक्कर काहीच सांगत नाही. घरची पाचही माणसं बसवा, दुपारी दोनला, एसी चालू ठेवून. धुळ्यात असाल तर लळिंगच्या चढापर्यंत न्यायचा हट्ट धरा, जळगावात असाल तर महामार्ग सोडून एखादा खराब रस्ता मागा. आधी स्विफ्ट, लगेच डिझायर, त्याच वाटेवर. मागे बसलेल्यांना काही विचारू नका, उतरताना त्यांचे चेहरे बघा. आणि परत येताना स्टेअरिंग वहिनींच्या हातात द्या. आमच्याकडे धुळ्याच्या वहिनींनी दोन्ही चालवल्या आणि स्विफ्टची चावी परत दिलीच नाही.